गावाचे नाव अर्जात कसे भरावे?

(इयत्ता सातवीसाठी संगणक व मराठी यांचा जोडपाठ)

शाळेत नवे मूल दाखल होते त्या वेळी त्याचे नाव, जन्मतारीख, गाव, तालुका व जिल्हा यांची नोंद दाखलखारीज नोंदवहीत केली जाते. ही नोंद करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु तिचा संबंध त्या मुलाशी जन्मभर राहतो. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून तयार होतो, आणि पुढे जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, शिष्यवृत्ती, नोकरी अशा प्रत्येक प्रसंगी तो पुढे ठेवावा लागतो. एका कागदावर 'हमरापूर' व दुसऱ्यावर 'हमरापुर' असे आढळले की यांतले खरे कोणते, हा प्रश्न निघू शकतो. मग अर्ज, प्रतिज्ञापत्र व हेलपाटे सुरू होतात आणि रोजावर जाणाऱ्या पालकांचा त्यात दिवस मोडतो. ही चूक मुलाने केलेली नसते. ती कोणीतरी घाईघाईने केलेली असते. निस्तरावी मात्र त्यालाच लागते.

२०१५ साली राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने 'सरल' ही प्रणाली सुरू केली. तेव्हापासून विद्यार्थ्यांची माहिती नोंदवहीबरोबर संगणकावरही मोठ्या प्रमाणावर भरली जाऊ लागली. कागदावरील ऱ्हस्वदीर्घाची चूक वाचणारा मनुष्य समजून घेतो. संगणकाला तशी समजूत नाही. त्याच्या दृष्टीने 'हमरापूर' व 'हमरापुर' ही दोन निराळी गावे होत.

प्रस्तुत पाठाचा विषय असा आहे : अर्जातील गावाचे नाव प्रत्येक वेळी हाताने टंकित करण्याऐवजी पडद्यावर दिलेल्या नावांपैकी एकावर टिचकी मारावी व ते नाव रकान्यात आपोआप यावे, अशी व्यवस्था विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. ही व्यवस्था जावास्क्रिप्ट या संगणकभाषेने होते. पाठ पेण तालुक्यातील हमरापूर व आसपासच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून मांडला आहे. इतर केंद्रांतील शिक्षकांनी त्यात आपल्या परिसरातील गावे घालावीत.

नाव का चुकते?

संगणकाकडे वळण्यापूर्वी मराठीचा अर्धा तास या प्रश्नासाठी द्यावा. फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत : 'हे हमरापूर गाव आहे.' 'हमरापुरात गणपतीचे कारखाने आहेत.' दोन्ही वाक्यांतील 'पू' व 'पु' यांकडे मुलांचे लक्ष वेधावे. ग्रामनामाच्या शेवटी येणारा 'पूर' हा शब्द दीर्घ लिहावयाचा, असा शुद्धलेखनाचा नियम आहे. म्हणून नागपूर, सोलापूर, हमरापूर. परंतु त्यास विभक्तिप्रत्यय लागला की उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो : नागपुरात, हमरापुरास. जे मूल दिवसभर 'हमरापुरात', 'हमरापुराहून' असे ऐकते व वाचते, त्याने मूळ नावही ऱ्हस्व लिहिले तर त्यास मठ्ठ म्हणता येणार नाही. त्याचा कान बरोबर आहे. अर्जात मूळ रूप लिहावयाचे असते, एवढेच त्यास कोणी सांगितलेले नसते.

यानंतर संगणक अक्षरे कशी साठवतो ते थोडक्यात सांगावे. जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हास युनिकोड या पद्धतीत एक क्रमांक दिलेला आहे. ऱ्हस्व उकाराच्या चिन्हाचा क्रमांक ०९४१ व दीर्घ ऊकाराच्या चिन्हाचा ०९४२. (हे क्रमांक सोळाच्या पायावरील अंकपद्धतीत आहेत, वर्गात त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.) 'हमरापूर' या शब्दात ह, म, र, काना, प, ऊकार, र अशी ७ चिन्हे आहेत. त्यांपैकी सहाव्या चिन्हात एकाचा फरक पडला की संगणकापुढे दुसरा शब्द उभा राहतो. नावापुढे चुकून राहिलेली रिकामी जागाही तो चिन्ह म्हणूनच मोजतो, व ती जागा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ही चूक सर्वांत उशिरा सापडते.

तालुका व जिल्हा या रकान्यांतही अशाच अडचणी आहेत. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले. आजोबांचा जुना दाखला समोर ठेवून अर्ज भरणारा मनुष्य प्रामाणिकपणेच 'कुलाबा' असे लिहितो. पुन्हा, पेण तालुक्यात दादर नावाचे गाव आहे, तसेच वाशी नावाचेही आहे. ही नावे एकटी उभी केली तर वाचणाऱ्याचे मन मुंबई व नवी मुंबईकडेच धावणार! त्यामुळे गावाबरोबर तालुका व जिल्हा हेही न चुकता जाणे अगत्याचे आहे. हीच गोष्ट पुढे टिचकीने साधावयाची आहे.

पडद्याआधी पाटी

वर्गात संगणक एखादाच असेल, किंवा त्या दिवशी वीज नसेल. पाठाचा पहिला भाग संगणकावाचूनच घ्यावा. वीज असली तरीही तसाच घ्यावा, कारण मुलांस मूळ कल्पना येथेच उमगते.

पाच विद्यार्थ्यांस पुढे बोलवावे. पहिल्याच्या हाती 'हमरापूर' असे लिहिलेले पुठ्ठ्याचे कार्ड द्यावे. हा झाला 'दुवा'. तिघांच्या हाती कोऱ्या पाट्या द्याव्यात. हे तीन 'रकाने'. पाचव्याच्या हाती खडू द्यावा, हा 'निरोप्या'. शिक्षकांनी कार्डावर बोटाने टिचकी मारावी व निरोप्यास म्हणावे, "आता लिही." निरोप्या साहजिकच गोंधळतो व विचारतो, "गुरुजी, कोणत्या पाटीवर लिहू?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून येईपर्यंत शिक्षकांनी थांबावे. तो आला म्हणजे पाठाचे अर्धे काम झाले. तिन्ही पाट्यांना नावे हवीत, ही गरज वर्गाने स्वतः शोधलेली असते. मग एका पाटीच्या लाकडी चौकटीवर 'गाव', दुसरीवर 'तालुका' व तिसरीवर 'जिल्हा' असे लिहावे.

दुसऱ्या फेरीत कार्ड बदलून 'दादर' द्यावे व निरोप्यास तिन्ही पाट्या भरावयास सांगावे. गावाच्या पाटीवर तो 'दादर' लिहील; तालुक्याच्या पाटीपाशी येताच अडेल, कारण कार्डावर तालुका नाही. वर्गास विचारावे, "आता निरोप्याने काय करावे?" कोणी म्हणेल, त्याने माहीत असेल ते लिहावे. त्यावर शिक्षकांनी सांगावे की हा निरोप्या काहीच जाणत नाही. त्यास दादर म्हणजे गाव हेही ठाऊक नाही, तो केवळ चिन्हे उचलून ठेवतो. तेव्हा कार्डाच्या मागील बाजूस 'तालुका पेण, जिल्हा रायगड' असे लिहून ठेवणे हाच उपाय उरतो. दिसणारे नाव पुढे, सोबत न्यावयाची माहिती मागे.

तिसऱ्या कार्डावर शिक्षकांनी मुद्दाम 'हमरापुर' असे अशुद्ध लिहावे व काही न बोलता टिचकी मारावी. निरोप्या तेच उतरवतो. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. मुलांनी चूक ओळखली की विचारावे, "दहा वेळा टिचकी मारली तर किती पाट्या चुकतील?" हमरापूरच्या वर्गात याचे उत्तर मूर्तींच्या कारखान्यातून येईल. साच्यात सोंडेपाशी खोट राहिली तर त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीची सोंड तशीच येते, आणि मग प्रत्येक मूर्ती घासून दुरुस्त करण्यापेक्षा साचाच सुधारतात, हे तेथील मुलांनी घरी पाहिलेले असते. शिक्षकांनी ही उपमा स्वतः देऊ नये. मुलांकडून येऊ द्यावी.

नागोठण्याचे कार्ड शेवटी काढावे. पनवेल–रोहा लोहमार्गावर हमरापूरनंतर पेण, मग कासू व त्यानंतर नागोठणे ही स्थानके येतात. पेणच्या पुढेच दोन स्थानके असल्यामुळे नागोठण्याचा तालुकाही पेणच, असे पुष्कळ मुले सांगतील. वास्तविक ते रोहा तालुक्यात आहे. कार्डाच्या मागील माहिती अंदाजाने लिहून चालत नाही, ती अधिकृत यादीवरून घ्यावी लागते, हे या एका उदाहरणाने पटते.

पान तयार करणे

आता संगणकाकडे यावे. साधे लेखन करता येईल असा कोणताही प्रोग्राम व एक ब्राउझर एवढे साहित्य पुरते. इंटरनेटची जोडणीही लागत नाही. धारिका साठवताना 'यूटीएफ-८' ही पद्धत निवडावी व पानाच्या आरंभी तसा उल्लेख करावा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हे उमटतात.

पानाचा सांगाडा एचटीएमएल भाषेत लिहितात. त्यात 'फॉर्म' म्हणजे अर्ज व त्याच्या पोटात 'इनपुट' म्हणजे रकाने. प्रत्येक रकान्यास दोन नावे द्यावी लागतात, आणि येथे बहुतेक नवशिके अडखळतात. 'आयडी' हे नाव पानावरील निरोप्यासाठी असते. पाटीच्या चौकटीवर लिहिले ते हेच. 'नेम' हे नाव अर्ज स्वीकारणाऱ्या दूरच्या संगणकासाठी असते. रकान्यास 'नेम' दिलेच नाही तर पडद्यावर सर्व काही भरलेले दिसते, पण अर्ज पाठवला की तो रकाना मागेच राहतो. आयडी देवनागरीत दिली तरी चालते. मुलांस ती तशीच द्यावयास सांगावी, म्हणजे स्पेलिंगचा एक अडथळा कमी होईल.

निरोप्याची भाषा ती जावास्क्रिप्ट. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा अवघ्या १० दिवसांत उभा केला. जावा या दुसऱ्या भाषेशी तिचे नाव जुळते, पण त्या दोन भाषा निराळ्या आहेत. १९९७ साली तिचे प्रमाणित रूप ठरले व आज सर्व प्रचलित ब्राउझर ती जाणतात. तिचे मूळचे शब्द रोमी लिपीत लिहावे लागतात; येथे केवळ त्यांचे उच्चार दिले आहेत.

गावाच्या रकान्यात नाव ठेवण्याची आज्ञा एका ओळीची आहे. तिचे चार तुकडे फळ्यावर वेगवेगळे लिहावेत. पहिला 'डॉक्युमेंट', म्हणजे हे संपूर्ण पान. दुसरा 'गेट एलिमेंट बाय आयडी', म्हणजे अमुक आयडीची वस्तू शोध; त्यापुढील कंसात अवतरणचिन्हांत 'गाव'. तिसरा 'व्हॅल्यू', म्हणजे त्या रकान्यातील मजकूर. या तीन तुकड्यांमध्ये टिंब येते. त्यानंतर बरोबरचे चिन्ह व चौथा तुकडा, अवतरणचिन्हांत 'हमरापूर'. दुसऱ्या तुकड्यातील चारही शब्द सलग लिहावयाचे. 'गेट' सर्व लहान अक्षरांत, पुढील तिन्ही शब्दांचे पहिले अक्षर मोठे, आणि 'आयडी'मधील दुसरे अक्षर लहान. हे शेवटचे अक्षर मोठे लिहिल्यामुळे आज्ञा चालली नाही, असे प्रत्येक वर्गात निदान दोघातिघांच्या बाबतीत घडणारच.

बरोबरच्या चिन्हाविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. गणितात ते चिन्ह दोन्ही बाजू समान असल्याचे विधान करते. येथे ते हुकूम करते : उजवीकडे जे आहे ते डावीकडच्या जागेत ठेव. म्हणून ही ओळ मुलांकडून उजवीकडून डावीकडे वाचून घ्यावी. 'हमरापूर हा शब्द, गाव नावाच्या रकान्याच्या मजकुरात, या पानावर ठेव.' अशी दोनचार वेळा वाचली की ती मराठी वाक्यासारखीच वाटू लागते.

प्रत्येक गावासाठी अशा तीन तीन ओळी लिहिल्या तर हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर, रावे, नागोठणे या सात नावांसाठी एकवीस ओळी होतील. मुलांनी प्रथम तसे लिहिले तर लिहू द्यावे. कंटाळा आला की मग कार्डाच्या मागील बाजूची आठवण करून द्यावी. एचटीएमएलमध्ये कोणत्याही वस्तूस 'डेटा' या शब्दापुढे जोडरेघ देऊन आपल्या मनाचे नाव जोडता येते व त्यात माहिती ठेवता येते : डेटा-तालुका, डेटा-जिल्हा. निरोप्यास मग एकदाच सांगावयाचे असते की, ज्यावर टिचकी पडली त्यावरील नाव वाच, त्याच्या पाठीवरील तालुका व जिल्हा वाच, आणि तिन्ही रकाने भर. एकविसाच्या जागी तीनच ओळी उरतात व आठवे गाव वाढले तरी त्यांत बदल करावा लागत नाही.

नाव येते आणि नाहीसे होते

येथवर आलेला वर्ग पहिली टिचकी मारतो तेव्हा पुष्कळदा चमत्कारिक गोष्ट घडते. 'हमरापूर' हा शब्द रकान्यात क्षणभर चमकतो व लगेच पुसला जातो. मुले म्हणतात संगणक बिघडला. तो बिघडलेला नसतो. दुव्याचा स्वभाव दुसरीकडे नेण्याचा आहे. टिचकी पडली की निरोप्याने आपले काम केले, आणि लगोलग दुव्यानेही आपले काम केले. पत्ता रिकामा ठेवलेला असल्याने त्याने हेच पान नव्याने उघडले. नव्या पानात कोरे रकाने! यावर 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' ही आज्ञा आहे. टिचकीची वर्दी मिळताच ही आज्ञा प्रथम द्यावी, म्हणजे दुवा आपल्या स्वभावधर्माप्रमाणे निघून जाण्याचे थांबतो.

याहून सरळ मार्ग म्हणजे अशा कामासाठी दुवा न वापरता 'बटन' वापरणे. जेथे जावयाचे तेथे दुवा व जेथे काही करावयाचे तेथे बटन, हा भेद चांगला आहे व कळफलकाने काम करणाऱ्या अंध व्यक्तीसही त्याने सोपे जाते. मात्र फॉर्मच्या पोटातील बटनाचाही एक स्वभाव आहे : त्याचा प्रकार सांगितला नाही तर ते 'सबमिट' समजले जाते, म्हणजे गावाच्या नावावर टिचकी मारताच अर्धवट अर्ज पाठवला जातो. म्हणून त्याचा 'टाइप' स्पष्टपणे 'बटन' असाच लिहावा. मुलांनी दोन्ही चुका मुद्दाम करून पाहाव्यात. चूक एकदा डोळ्यांनी पाहिली की नियम पाठ करावा लागत नाही.

कधी कधी टिचकी मारूनही काहीच होत नाही. अशा वेळी निरोप्याच्या ओळी पानावर कोठे लिहिल्या आहेत ते पाहावे. ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. रकाने व दुवे अस्तित्वात येण्यापूर्वीच निरोप्याने त्यांना हाक मारली तर उत्तर देणारे कोणी नसते. पाटी धरणारा मुलगा वर्गात आलाच नाही आणि निरोप्या खडू घेऊन उभा आहे, असा प्रसंग करून दाखवला तर वर्ग हसतो व गोष्ट लक्षात राहते. त्या ओळी पानाच्या अखेरीस ठेवल्या की अडचण दूर होते.

आणखी एका घोटाळ्याची शिक्षकांस माहिती असावी. तालुक्याच्या रकान्यात कोणी हात घालू नये म्हणून काहीजण तो 'डिसेबल्ड' करून ठेवतात. निरोप्या त्यात 'पेण' लिहितो, पडद्यावर ते दिसतेही. पण बंद ठेवलेला रकाना अर्जाबरोबर जातच नाही. तेथे 'रीडओन्ली' वापरावे : वाचता येते, टंकित करता येत नाही, आणि अर्जाबरोबर जाते.

भरलेल्यावर भरू नये

पाठाचा हा भाग शिक्षकांनी सर्वांत सावकाश घ्यावा.

समजा, पालकाने गावाच्या रकान्यात स्वतः 'जोहे' असे लिहिले आहे. नंतर बोट चुकून 'हमरापूर'वर पडले. निरोप्या काही न विचारता 'जोहे' पुसतो व 'हमरापूर' लिहितो. नाव शुद्ध, तालुका शुद्ध, जिल्हा शुद्ध, आणि नोंद साफ खोटी. शुद्धलेखनाची चूक निदान डोळ्यांत भरते. ही चूक शुद्ध मराठीत लिहिलेली असल्यामुळे कोणाच्याही नजरेस येणार नाही. हाताने लिहिताना मनुष्य चुकतो तो थोडक्याने चुकतो. टिचकीने चुकतो तो पूर्ण गावानिशी!

म्हणून निरोप्यास एक अट घालावी. रकाना कोरा असेल तर भर; त्यात काही असेल तर आधी विचार. 'कन्फर्म' या आज्ञेने पडद्यावर प्रश्न उमटतो व होय किंवा नाही असे उत्तर घेता येते. प्रश्नाची भाषाही वर्गाने ठरवावी. 'बदल करायचा का?' एवढ्याने काय बदलणार ते कळत नाही. 'गाव जोहे असे लिहिले आहे. त्याऐवजी हमरापूर लिहावे काय?' असा प्रश्न असेल तर वाचणारा क्षणभर थांबतो. यादीत नसलेल्या गावाचे मूल दाखल होते तेव्हा काय, हाही विचार व्हावा. मूर्तींच्या कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबाचे गाव सात नावांत नसले तर जवळचे नाव निवडून मोकळे होण्याचा मोह अर्ज भरणाऱ्यास होतो. तेव्हा गावाचा रकाना हाताने लिहिण्यास नेहमी मोकळा ठेवावा, आणि असे गाव लिहावयाचे असेल तेव्हा तालुका व जिल्हा यांवरील कुलूपही निघेल अशी सोय करावी.

अर्ज पाठवण्यापूर्वी भरलेली नावे पालकांस मोठ्याने वाचून दाखवावीत. वाचता न येणाऱ्या आईलाही आपले गाव ऐकून ओळखता येते.

दुव्यातून पाठवलेले नाव

ज्या वर्गाने एवढे आत्मसात केले त्यास पुढची पायरी दाखवण्यास हरकत नाही. दुवा एका पानावर व अर्ज दुसऱ्या पानावर असेल तर नाव पत्त्याच्या शेपटास बांधून पाठवता येते. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग रकान्याचे नाव, बरोबरचे चिन्ह व मजकूर, अशी ती रचना असते. दुसऱ्या पानावरील निरोप्या ते शेपूट वाचतो व रकाना भरतो. मात्र पत्त्यातून पाठवताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ रोमी चिन्हांत मांडले जाते; 'हमरापूर'ची ७ चिन्हे त्यामुळे ६३ होतात. असा लांबलचक पत्ता पाहून मुलांनी घाबरू नये, ते हमरापूरच आहे.

या युक्तीस एक कडक मर्यादा आहे. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, दूरच्या संगणकाच्या नोंदीत राहतो, व एकाने दुसऱ्यास पाठवला की त्याच्याकडेही जातो. म्हणून त्यातून गावाचे नाव पाठवावे. मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा आधार क्रमांक कधीही पाठवू नये. वर्गातील सरावासाठीही खऱ्या मुलांची माहिती घेऊ नये, कल्पित नावे घ्यावीत. तसेच पत्त्यातील मजकूर कोणासही बदलता येत असल्यामुळे अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकाने तो आपल्या यादीशी पुन्हा ताडून पाहिला पाहिजे. पानावरील निरोप्या सोय करतो. पहारा त्याच्याकडून होत नाही.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गातील मुलांच्या गावांची यादी करावी व प्रत्येक नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर कसे लिहिले आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे. फलक व शाळेची नोंदवही यांत फरक आढळल्यास तो शिक्षकांच्या नजरेस आणावा. नंतर त्या नावांचे पान तयार करून शेजारच्या मित्राकडून भरून घ्यावे. त्याने कोणत्या ठिकाणी चुकीची टिचकी मारली हे त्यास न टोकता पाहावे, व दुसऱ्या दिवशी बटनांची जागा त्याप्रमाणे बदलावी. हमरापूर व दादर ही बटने एकमेकांस चिकटून ठेवली आणि मध्ये बोटभर जागा सोडून ठेवली, तर चुकांत किती फरक पडतो याची मोजदाद वहीत लिहावी.